खासगी डेपोतल्या चार्जरवर ‘७०-८० टक्के सबसिडी’: ऑर्डर देण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा: पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत भाड्याचं यार्ड आहे, ई-कॉमर्सच्या डिलिव्हरीसाठी २० छोटे इलेक्ट्रिक टेम्पो घेतले आहेत, प्रत्येकाची बॅटरी २० युनिटांच्या आसपास. चार्जर विकणाऱ्याने ६० किलोवॅटचे सहा फास्ट चार्जर सुचवले आहेत आणि ‘केंद्राची ७०-८० टक्के सबसिडी मिळवून देतो, तुम्ही फक्त ॲडव्हान्स भरा’ असं सांगितलं आहे. ऑर्डर द्यावी का?

तुम्ही सबसिडीबद्दल विचारलंत, पण यात दोन वेगळे प्रश्न अडकलेत. ही सबसिडी तुमच्या यार्डाला लागू होते का, हा एक. आणि सहा मोठे चार्जर तुम्हाला लागतात तरी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर त्याहून स्पष्ट ‘नाही’ आहे, आणि तुमचे खरे पैसे तिथेच वाचणार आहेत.

आधी सबसिडी. विक्रेता आकडे हवेतून काढत नाहीये. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही केंद्राची १०,९०० कोटींची योजना, त्यातले २,००० कोटी चार्जिंग स्टेशनांसाठी राखून ठेवलेत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं, शैक्षणिक संस्था अशा सरकारी आवारात चार्जर आणि त्यामागची वीजयंत्रणा दोन्हींना १०० टक्के, अट अशी की लोकांना तिथे मोकळा प्रवेश हवा. रेल्वे स्टेशन, विमानतळ, पेट्रोल पंप, बस स्थानक, टोलनाका, महामार्ग अशा ठिकाणी वीजयंत्रणेला ८० टक्के आणि चार्जरला ७० टक्के. मॉल, बाजारपेठा, रस्त्याकडेच्या जागा इथे फक्त वीजयंत्रणेला ८० टक्के, चार्जरला काही नाही. तुमचा विक्रेता दुसऱ्या गटाचे आकडे तुमच्या यार्डाला चिकटवतोय.

या सगळ्या गटांत एक गोष्ट समान आहे: चार्जिंग सार्वजनिक हवं. तुमचं यार्ड वीज मंत्रालयाच्या भाषेत ‘कॅप्टिव्ह’ चार्जिंगमध्ये मोडतं, म्हणजे स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या गाड्यांसाठीचं. त्याला लायसन्स लागत नाही, सार्वजनिक स्टेशनाच्या बऱ्याच अटीही लागू नाहीत, पण म्हणूनच सार्वजनिक स्टेशनाचं अनुदानही नाही. शिवाय या योजनेत खासगी माणूस स्वतः उठून अर्ज करत नाही. केंद्राची मंत्रालयं, सार्वजनिक उपक्रम आणि राज्य सरकारं आपापल्या जागांचे प्रस्ताव गोळा करून पाठवतात. त्यामुळे ‘मी फाइल लावून देतो’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: कोणत्या नोडल संस्थेमार्फत (म्हणजे प्रस्ताव पाठवणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फत) आणि कोणत्या गटात? उत्तर लेखी मागा. तिथेच बहुतेक बोलणी थंडावतात.

राज्याचं काय? २०२१ च्या महाराष्ट्राच्या ईव्ही धोरणात चार्जरला थेट पैसे होते: स्लो चार्जरला किमतीच्या ६० टक्के, कमाल १०,००० रुपये, फास्ट चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख. ते धोरण संपलं, पण त्याचे आकडे अजून विक्रेत्यांच्या पीपीटीत जिवंत आहेत. सध्या मे २०२५ चा शासन निर्णय लागू आहे, मुदत ३१ मार्च २०३०. त्यात चार्जिंग स्टेशनांसाठी व्यवहार्यता तूट निधीची (प्रकल्प परवडावा म्हणून खर्चातली तूट भरून काढणाऱ्या मदतीची) तरतूद आहे, पण तिचाही कल सार्वजनिक स्टेशनांकडे आणि महामार्गांकडे आहे. तुमच्यासारख्याला या धोरणातून मिळण्यासारखं आहे ते गाडीवर: चारचाकी हलक्या मालवाहू गाड्यांना मूळ किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत सवलत, कमाल मर्यादेसह. गाड्या आधीच घेतल्यात, तर डीलरच्या बिलात ती दिसते का ते आज संध्याकाळीच बघा. केंद्राचं ई-ट्रकचं प्रोत्साहन (कमाल ९.६ लाख प्रति ट्रक) तुम्हाला लागू नाही. ते साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना आहे आणि त्यासाठी जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं.

खासगी डेपोला सरळ पैसे देणाऱ्या योजना जगात आहेत. ब्रिटनने २०२५ मध्ये ३ कोटी पौंडांची डेपो चार्जिंग योजना आणली, त्यात चार्जर आणि खोदकाम-बांधकामाच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळत होते, एका कंपनीला कमाल १० लाख पौंड. इंटरनेटवर ‘डेपो चार्जिंग ग्रँट’ शोधलंत तर तीच वर येते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी मदत आहे ती शहर बससेवांच्या डेपोंना, ‘पीएम-ई-बस सेवा’मधून, आणि तीही महापालिकांमार्फत.

‘मग यार्डाचा एक कोपरा सार्वजनिक केला तर?’ हा प्रश्न पुढे येणारच. होऊ शकतं, पण परिस्थितीवर अवलंबून आहे. रस्त्याला लागून स्वतंत्र दार निघत असेल, रात्री बाहेरच्या गाड्या आलेल्या तुमच्या ग्राहक कंपनीला चालत असतील (बऱ्याच ई-कॉमर्स कंपन्यांना माल असलेल्या यार्डात चालत नाहीत), जागामालकाची लेखी परवानगी असेल, तर विचार करा. नाहीतर अनुदानासाठी यार्डाची शिस्त मोडेल. शिवाय सार्वजनिक चार्जरला ॲपशी जोडणी, दर जाहीर करणं, तो सतत चालू ठेवणं हे सगळं आलं. २० टेम्पोवाल्याने ते अंगावर घ्यावं असं मला वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न, जिथे जास्त वेळ घालवायला हवा.

सहा गुणिले ६०, म्हणजे ३६० किलोवॅट. दीडशे किलोवॅटच्या पुढे गेलात की उच्चदाब जोडणी धरूनच चाला. म्हणजे ११ केव्हीची लाइन, स्वतःचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), एचटी म्हणजे उच्चदाबाचं पॅनेल, मीटरिंग क्युबिकल (मीटरची पेटी), विद्युत निरीक्षकांची मंजुरी. भाड्याच्या यार्डात. शिवाय मंजूर मागणीच्या हिशेबाने डिमांड चार्ज (स्थिर आकार) दर महिन्याला येत राहतो, गाड्या चार्ज झाल्या काय आणि नाही काय.

आणि गरज किती? एक टेम्पो दिवसाला बॅटरीतून साधारण १७ युनिट वापरतो असं धरू. २० गाड्यांचे ३४०. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर ३७५ ते ३८० युनिट. ३६० किलोवॅटच्या यंत्रणेला हे जेमतेम तासाभराचं काम आहे. म्हणजे दिवसाचे २३ तास ती नुसती उभी. त्यातही गंमत अशी की २० युनिटांची बॅटरी ६० किलोवॅट घेतच नाही. गाडीचं बीएमएस (बॅटरीवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा) जेवढं मागेल तेवढंच चार्जर देतो, आणि छोट्या टेम्पोचं मागणं त्याच्या कितीतरी खाली असतं. ६० किलोवॅटचे पैसे मोजून चार्जरच्या गनमधून त्याचा एक तुकडाच बाहेर पडणार.

हेच काम मध्यरात्री १२ ते सकाळी ६ मध्ये केलं तर? ३८० भागिले ६, साधारण ६३ किलोवॅट. प्रत्येक गाडीला ३.३ किलोवॅटचा साधा एसी (स्लो चार्जिंगचा) पॉइंट दिला की वीस पॉइंटांचे ६६ किलोवॅट होतात, आणि एका गाडीला लागणारे १९ युनिट पावणेसहा तासांत भरतात. सकाळी सहाला सगळ्या गाड्या तयार. दुपारी दुसरी फेरी मारणाऱ्या गाड्यांसाठी ३० किलोवॅटचा एकच डीसी (फास्ट) चार्जर ठेवा. सगळं एकदम चालू राहिलं तरी दिवे-पंखे धरून १०५ किलोवॅटच्या आत. डीसी चार्जर रात्री टायमरने बंद ठेवलात तर ७५ मध्येही बसेल. दोन्ही आकडे पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत लघुदाबात येतात. रोहित्राचा प्रश्नच मिटला, किंवा निदान तो तुमच्या खर्चाचा राहिला नाही.

गाड्यांना रोज दोन पूर्ण फेऱ्या असतील, किंवा पुढच्या वर्षी मोठ्या बॅटरीचे ट्रक येणार असतील, तर हा हिशेब बदलतो. म्हणून आधी पंधरा दिवस प्रत्येक गाडी किती वाजता परत येते, किती टक्के घेऊन येते आणि किती वाजता निघते एवढं वहीत लिहा. याच्याशिवाय दिलेलं कोणतंही कोटेशन अंदाजपंचे आहे.

वेळेचा मुद्दा वीजदराशीही जोडलेला आहे. महावितरणच्या टाइम ऑफ डे दरात सकाळी ९ ते सायंकाळी ५ सवलत आणि सायंकाळी ५ ते मध्यरात्री अधिभार अशी रचना आहे. टेम्पो येतात आठ-नऊला, ड्रायव्हर गाडी लावतो, प्लग खोचतो आणि घरी जातो. म्हणजे सगळी फ्लीट नेमकी महाग वेळेत चार्ज होते. वितरण पॅनेलमध्ये टायमर आणि काँटॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा स्विच) टाकलात तर प्लग नऊला लागला तरी वीज बाराला सुरू होईल. हा सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे आणि कोटेशनमध्ये सहसा नसतो.

जोडणी कोणत्या संवर्गात (वीजदराच्या वर्गात) घ्यायची, इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं. वीज नियामक आयोगाच्या आदेशात ईव्ही चार्जिंग स्टेशनासाठी वेगळा संवर्ग आहे. पण त्यातच असंही म्हटलेलं आहे की ग्राहक आपल्याच जागेत स्वतःची गाडी चार्ज करत असेल तर त्या जागेचा जो संवर्ग असेल तोच दर लागेल. म्हणजे यार्डाच्या जुन्या व्यापारी मीटरवर प्लग लावत गेलात तर व्यापारी दरच भराल. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागा, अर्जात वापर ‘इलेक्ट्रिक वाहन चार्जिंग स्टेशन’ असा स्पष्ट लिहा, आणि चालू दर-आदेशाचं ते पान घेऊन उपविभागात जा. ऑफिसचा एसी, कँटीन, वॉशिंग पंप त्या मीटरवर टाकू नका. तपासणीत सापडलं की संवर्ग बदलून मागच्या महिन्यांची फरकाची रक्कम येते.

दीडशे किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला, जिथे लाइन वाढवावी लागत नाही तिथे, महानगरात ३ दिवस आणि इतर नागरी भागात ७ दिवस अशी मुदत केंद्राच्या २०२४ च्या नियमांत आहे. यंत्रणा वाढवावी लागली तर ९० दिवसांपर्यंत. म्हणून चार्जरच्या ॲडव्हान्सआधी महावितरणकडून तांत्रिक शक्यता तपासून घ्या. तुमच्या रोहित्रावर १०० किलोवॅट शिल्लक आहेत का, हे त्या भागाचा सहायक अभियंता सांगेल. नसतील आणि ‘डीडीएफ’मध्ये (ग्राहकासाठी स्वतंत्र उभारलेली वितरण यंत्रणा) स्वखर्चाने रोहित्र बसवा असं सुचवलं गेलं, तर लक्षात ठेवा: खर्च तुमचा, यंत्रणा नंतर महावितरणच्या ताब्यात, आणि भाडेकरार संपला की तुम्ही बाहेर.

वायरिंगमध्ये चुकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. ३.३ किलोवॅटचा पॉइंट म्हणजे साडेचौदा अँपिअर, सलग सहा तास, रोज. घरगुती १६ अँपिअरचा सॉकेट हे काही महिनेच सहन करतो, मग पिन काळी पडते, प्लास्टिक वितळतं. औद्योगिक प्रकारचे निळे सॉकेट किंवा सरळ टेदर्ड (केबल कायमची जोडलेला) एसी चार्जर लावा. वीस पॉइंट तीन फेजवर ७-७-६ असे वाटा. प्रत्येक फेजवर शंभरएक अँपिअर, डीसी चार्जरचे आणखी ४५ धरले की मुख्य एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) २०० अँपिअरचा होतो. ठेकेदार इथे सवयीने साडेतीन कोअरची केबल ओढतो. तिची न्यूट्रल साधारण निम्म्या जाडीची असते. पॉइंट सगळे सिंगल फेज, आणि एखाद्या रात्री एका फेजवरच्या गाड्या आल्याच नाहीत तर असमतोलाचा सगळा प्रवाह त्या निम्म्या न्यूट्रलमधून जातो. चार कोअरचीच केबल घ्या, कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या, आणि ड्रम आल्यावर टोक सोलून डोळ्यांनी बघा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत चार्जिंगचा वेगळा भाग आहे. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचा निदान ‘टाइप ए’ आरसीडी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं उपकरण), सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर, गाडी पॉइंटपासून पाच मीटरच्या आत, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. वीस पॉइंटांना मिळून एकच आरसीडी लावला की एका गाडीच्या गळतीने सगळं यार्ड अंधारात जातं, आणि ते सकाळी सहालाच कळतं. अर्थिंग कच्चं असेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज वाढलेला दिसला की ते फॉल्ट दाखवून थांबतात. मग चार्जर खराब म्हणून तक्रारी होतात आणि दोष अर्थिंगच्या खड्ड्यात निघतो. भोसरीचा पाऊस बघता पॅनेल आणि डीसी चार्जर चौथऱ्यावर बसवा.

पैशांच्या बाजूने आणखी तीन मुद्दे, यात सरकारचा हात अनुदानापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चार्जरवर जीएसटी ५ टक्के आहे (१ ऑगस्ट २०१९ पासून, आधी १८ होता). केबल, पॅनेल, खोदकाम, मजुरी यांवर मात्र १८. ठेकेदाराने सगळं मिळून ‘टर्नकी’ बिल केलं तर पूर्ण रकमेवर १८ लागण्याचा धोका असतो. चार्जरची ऑर्डर वेगळी, कामाची वेगळी काढा. तुम्ही वाहतुकीवर ५ टक्के जीएसटीचा पर्याय घेतला असेल, तर तुम्हाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही आणि हा फरक सरळ खिशातून जातो. हाच मुद्दा ‘चार्जिंग-ॲज-अ-सर्व्हिस’वाल्यांच्या बाबतीतही. ते चार्जर फुकट लावतात आणि युनिटमागे पैसे घेतात, पण त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. त्यांच्या दराची तुलना तुमच्या वीजबिलाशी करताना तो धरून करा.

कर्ज हवं असेल तर उद्यम नोंदणी करून घ्या. वाहतूक ही सेवा म्हणून एमएसएमईत येते, आणि सीजीटीएमएसईच्या (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट) हमीवर तारणाशिवाय कर्ज मागता येतं. १ एप्रिल २०२५ पासून या हमीची मर्यादा १० कोटी आहे, म्हणजे तुमची गरज तिच्या फार आत बसते.

तिसरा मुद्दा अनुदानाच्या हिशेबाचा. उद्या खरंच एखादं अनुदान मिळालंच, तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीतून वजा होते आणि घसारा उरलेल्या रकमेवरच मिळतो. विक्रेत्याच्या ‘परतफेड दीड वर्षात’ तक्त्यात अनुदान एकदा आणि पूर्ण किमतीवरचा घसारा पुन्हा एकदा धरलेला असतो. सीएला दाखवा.

विक्रेत्याशी बोलताना किंमत अनुदानाशिवाय ठरवा. ‘सबसिडी वजा जाता’ अशी किंमत ऑर्डरवर येऊ देऊ नका, कारण ती आली नाही की फरकाचं बिल तुमच्या नावावर निघतं. पेमेंटचे टप्पे पाडा आणि शेवटचा टप्पा वीसही पॉइंट एका रात्री एकदम पूर्ण लोडवर चालवून दाखवल्यावरच द्या. चाचणीत एकेक गाडी लावून बघतात, तेव्हा सगळं ठीकच दिसतं. फेजचा असमतोल, तापलेले टर्मिनल आणि कमी पडलेली केबल वीस गाड्या एकदम लागल्यावरच कळतात.

आणि जागामालकाशी आताच लिहून घ्या: मीटर कोणाच्या नावावर, करार संपल्यावर केबल-पॅनेल-चार्जर काढून नेण्याचा हक्क तुमचा, सुरक्षा ठेव तुमची. एसी पॉइंट भिंतीवर न लावता स्टँडवर लावलेत तर यार्ड बदलताना एका दिवसात उचलता येतात. जमिनीखालची केबल मात्र बहुतेक तिथेच राहते, म्हणून पॅनेल गाड्यांच्या रांगेच्या मध्यावर ठेवून तिची लांबी कमी करा. यार्डाचा नकाशा, गाड्या लावायची दिशा आणि मीटरची जागा इथे टाकलीत तर केबलचा आकार आणि लांबी काढून देतो.